मोटार बंद झाल्यावर

रात्रीचे साडेदहा झालेत. वसमत तालुक्यातल्या एका आखाड्यावर हळद शिजतेय. कुकरच्या ड्रममधून वाफेचे लोट निघताहेत, ओल्या हळदीचा उग्र वास कपड्यांत बसलाय, आणि त्या वाफेत उभी राहून एक बाई आपल्या लेकाशी चार वाक्यं बोलणार आहे. सीन एवढाच. पण शेजारच्या विहिरीवर मोटार चालू आहे.

हेडफोन लावलेल्या पोरानं नकारार्थी मान हलवली. दिग्दर्शक माझा शाळेपासूनचा दोस्त. तो बांध ओलांडून गेला, मीही मागोमाग.

"काका, पाच मिनिटं मोटार बंद करता का?"

म्हातारबा भुईमुगाला पाणी देत होते. "दोनला लाइट जाती. तेवढं पाणी तू आणून देतूस का मंग?"

दोस्तानं वाद घातला नाही. तिथंच बांधावर टेकला. एक वाफा भरला, बारं वळवून झालं, तसे म्हातारबा म्हणाले, "किती येळ म्हनलास?" आणि स्टार्टरचं बटण दाबलं.

मोटार थांबली आणि रात्र ऐकू यायला लागली. रातकिडे, चुलवणातल्या जळणाची तडतड, लांब कुत्रं भुंकतंय. नंतर डबिंग करता येतं, हे त्यालाही ठाऊक आहे. पण वाफेनं त्या बाईचा आवाज जरा घोगरा झालाय, तो स्टुडिओतल्या गार खोलीत कुठून आणायचा? शिवाय स्टुडिओचं भाडं तासावर चालतं.

भाऊराव कऱ्हाडे यांचं नाव या आखाड्यावर दिवसातून दोनदा तरी निघतं. मेंढपाळांच्या जगण्यावरचा 'ख्वाडा' त्यांनी स्वतःची जमीन विकून उभा केला. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार महावीर सब्बनवाल यांना. उघड्या माळावर, मेंढरांच्या कळपात, खरा आवाज धरून ठेवायचा म्हणजे काय, हे मला मोटार बंद झाल्यावर कळलं. प्रेक्षकांपर्यंत यायला त्या सिनेमाला २०१५चा ऑक्टोबर उजाडला.

दोस्तानं जमीन विकलेली नाही. दोन वर्षांच्या हळदीचा पैसा मात्र यात गेलाय. समोर शिजतेय ती हळदही त्याचीच. वाफ हवी म्हणून शूटिंगची तारीख हळदीच्या हंगामाला बांधली, आणि आता एकेका टेकला ड्रम उतरवायचा खोळंबतोय. हळद जास्त शिजली की रंग उतरतो, मोंढ्यात भाव पडतो. दुसऱ्याच्या पैशानं सिनेमा करणाऱ्याला "आता बस्स" म्हणायला निर्माता असतो. इथं "अजून एक" म्हणणारा आणि "बस्स" म्हणणारा एकच माणूस, आणि तो मॉनिटरकडं बघत दाढी खाजवतोय.

दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला. फिल्मला रात्री अंधारात भोकं पाडायची आणि दिवसा सगळ्या मंडळींना रांधून वाढायचं, हे सरस्वतीबाईंनी केलं. आज भोकं पाडावी लागत नाहीत. भाकरी मात्र दोस्ताची आईच थापतेय, सकाळपासून, बावीस माणसांच्या.

बाकी कागदपत्रं वेगळीच. सीनमधून बैल चालत जाणार, तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. मंडळाचं ऑफिस हरियाणात, बल्लभगडला. बैल घरचा, रोज याच वाटेनं चालणारा, तरी अर्ज आधी. मला हा नियम योग्यच वाटतो. मुक्या जनावरानं सिनेमासाठी का सोसावं? पण ते फॉर्म भरण्यात दिग्दर्शकाची जी दुपार जाते, ती कुठल्याच बजेटमध्ये धरलेली नसते.

पहिल्या टेकला बाई शब्द विसरली. दुसरा चांगला झाला, सगळ्यांनी माना डोलावल्या. दोस्तानं कुकरकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं.

"मावशी, अजून एकदा. आता लेकाकडं बघू नका, ड्रमकडं बघत बोला."

तिसऱ्यांदा ती बोलली तेव्हा माझ्या घशात आवंढा आला.

मग मिनिटभर जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करायची होती. सगळे होते तिथं उभे राहिले. बांधापलीकडं म्हातारबाही स्टार्टरवर हात ठेवून थांबले होते. "झालं," पोरगा म्हणाला, आणि मोटार पुन्हा सुरू झाली.

ड्रम उतरवल्यावर दोस्तानं एक हळकुंड उचलून बोटात दाबलं. पार मऊ. त्यानं ते पँटला पुसलं, खिशात टाकलं आणि पुढच्या सीनचे लाइट गोठ्याकडं न्यायला सांगितले.