आठ तास, पण कुठून कुठपर्यंत?

‘समृद्धी झाला ना, आता मुंबई-नागपूर आठ तास!’ लग्नाच्या बोलणीपासून दवाखान्याच्या अपॉइंटमेंटपर्यंत हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे.

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. तो नागपूरजवळ हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्याला सुरू होतो आणि भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला संपतो. 5 जून 2025 ला इगतपुरी-आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हाही रस्ता मुंबईत शिरला नाही. आठ तास हा या दोन टोकांमधला हिशेब. त्यासाठी ताशी सरासरी 88 किलोमीटर पडतात. कारला सपाटीवर 120 आणि घाटात 100 ची मर्यादा आहे, म्हणजे ते जमतं. पण जेवण, चहा, पेट्रोल? आमण्याहून पुढे भिवंडी बायपास, माजिवडा, मग दादर किंवा अंधेरी? संध्याकाळी एवढ्याच पट्ट्यात दीड-दोन तास सहज जातात. घरापासून घरापर्यंत दहा-अकरा तास धरावेत.

मी यावर चिडतो, कारण आठच तास धरून निघालेला माणूस उरलेला वेळ अ‍ॅक्सिलरेटरवर भरून काढायला बघतो. वर सांगतो, ‘रस्ता दीडशेसाठीच बांधलाय.’ अहो, 150 हा आखणीचा वेग. वळणांची गोलाई, पुढचं किती दिसावं, हे त्यावरून ठरवतात. तुमचे टायर, तुमची झोप आणि पुढचा ताशी 80 ने चाललेला ट्रक त्या आखणीत नसतात.

दुसरा गैरसमज असा, की विमानाचं अंतर 685 किलोमीटरच्या आसपास आणि समृद्धी 701, म्हणजे रस्ता जवळपास सरळ रेषेतच आहे. पहिला आकडा दोन विमानतळांमधला, दुसरा शिवमडका ते आमण्याचा. टोकंच वेगळी असल्यावर तुलना कसली?

विमानाबद्दलही एक प्रश्न हमखास येतो: ‘विमान ताशी 800 ने उडतं, मग तिकिटावर दीड तास का?’ तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं सगळं त्यात येतं. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. गर्दीत घिरट्या घालाव्या लागतात. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, तो वेळ वेगळाच. तरीही विमानाने घर ते घर साडेचार-पाच तासांत होतं.

पृथ्वी फिरते म्हणून विमानाला एका दिशेला कमी वेळ लागतो, हे चूक. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्याने: हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात, म्हणून नागपूरला जाताना थोडा वेळ वाचतो आणि येताना थोडा जास्त लागतो.