वेळापत्रकातली वीज

कारखान्यात वीज वाचवायची म्हटलं की डोळ्यांसमोर नवं यंत्र येतं. जुनी मोटर काढून चांगली मोटर, जुन्या भट्टीच्या जागी नवी भट्टी. त्यासाठी कर्ज काढावं लागतं आणि लहान कारखानदार तिथेच थांबतो. उत्पादन अभियांत्रिकीच्या एका तरुण शाखेनं गेल्या वीसेक वर्षांत दुसरा रस्ता शोधला आहे. यंत्रं आहेत तीच, माणसं तीच, मालही तोच. कोणता जॉब कोणत्या यंत्रावर, कशाच्या आधी, कशाच्या नंतर आणि दिवसाच्या कोणत्या तासाला लावायचा, एवढंच नव्यानं ठरवायचं. या विषयावर आज जगभर पीएचडीचे प्रबंध लिहिले जात आहेत, आणि असं संशोधन करायला म्हैसूरइतकी सोयीची शहरं आपल्या देशात थोडीच असतील.

तिथल्या मानंदवाडी रस्त्यावर १९१२ साली सुरू झालेला सरकारी रेशीम विणकाम कारखाना आहे. म्हैसूर सिल्कची साडी निघते ती इथून. त्याच रस्त्यावर १९४६ साली स्थापन झालेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनीअरिंग आहे. शहरात आणि आसपासच्या मेटगळ्ळी, हेब्बाळ, हूटगळ्ळी या औद्योगिक भागांत टायर बनतात, ट्रकचे ॲक्सल बनतात, खाणींत चालणारे डंपर बनतात, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉप आहेत. मतदानानंतर आपल्या बोटाला लागते ती शाईही म्हैसूरचीच. एवढे वेगवेगळे उद्योग सायकलच्या टप्प्यात असलेला संशोधक भाग्यवान म्हणायचा. तिथल्या अनेकांची अभियांत्रिकीची पीएचडी मात्र येते बेळगावहून, कारण विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालय तिथं आहे.

ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, खानदेश, पुणे अशी त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि १९०३ साली खडकवासल्याच्या धरणाला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानात मुख्य अभियंता म्हणून गेले, तेव्हा त्यांच्यापुढे आलेला प्रश्न आजच्या या प्रबंधांच्या जातकुळीचाच होता. कावेरीवरच्या शिवनसमुद्रच्या धबधब्यावर १९०२ पासून वीज तयार होत होती आणि सुमारे १४७ किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. पुढे बंगळूरला १९०५ मध्ये आणि म्हैसूरला १९०८ मध्ये दिवे लागले. खाणींना वीज बारा महिने हवी होती, पण उन्हाळ्यात कावेरीची धार बारीक व्हायची. त्याच नदीवरच्या कन्नंबाडीच्या धरणाचा आग्रह विश्वेश्वरय्यांनी धरला तो शेतीसाठी आणि या विजेसाठीही. पावसाळ्यातलं पाणी अडवून उन्हाळ्यात सोडायचं, म्हणजे मागणी तशीच ठेवून पुरवठ्याची वेळ सरकवायची. सौरऊर्जेच्या काळात कारखान्यांवर नेमकी उलटी पाळी आली आहे. आता पुरवठ्याची वेळ सूर्य ठरवतो, म्हणून सरकवायची ती मागणी.

ती किती सरकवता येते हे कळायला आधी यंत्र वीज कशासाठी खातं ते पाहायला हवं. अमेरिकेतल्या एमआयटीचे टिमथी गुटोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६ च्या सुमारास धातू कापणाऱ्या यंत्रांच्या विजेचा हिशेब मांडला. मोटारगाड्यांचे भाग करणाऱ्या एका स्वयंचलित लाइनवर प्रत्यक्ष धातू कापण्यासाठी लागणारी ऊर्जा एकूण खर्चाच्या जास्तीत जास्त पंधरा टक्क्यांच्या आसपास भरली. बाकीची सगळी कूलंट पंप, हायड्रॉलिक, पंखे आणि कंट्रोल पॅनेल यांच्यात गेली. हे सगळं जॉब लागलेला असो वा नसो, चालूच राहतं. पुढचा जॉब यायची वाट पाहत उभं असलेलं, संगणकाच्या आज्ञेवर चालणारं सीएनसी यंत्र म्हणजे सिग्नलला इंजिन चालू ठेवून थांबलेली रिक्षा.

मग मधल्या वेळात यंत्र बंद का करू नये? कारण बंद-चालू करण्यालाही ऊर्जा आणि वेळ लागतो. विचिटा स्टेट विद्यापीठातल्या जिल मुझॉन, मेहमेत यिल्दिरिम आणि जॅनेट ट्वोमी यांनी २००७ साली याचा साधा नियम मांडला आणि ही शाखा खऱ्या अर्थानं रुजली. समजा, रिकामं उभं असताना यंत्र ३ किलोवॉट खातं आणि बंद करून पुन्हा कामाच्या स्थितीत आणायला अर्धं युनिट जातं. मग दहा मिनिटांपेक्षा मोठा खंड असेल तर बंद करणं फायद्याचं आणि लहान असेल तर तोट्याचं. दिवसात पाच-पाच मिनिटांचे बारा खंड पडत असतील तर हातात काहीच येत नाही. जॉबचा क्रम बदलून तेच खंड एकत्र आणले, तर पूर्ण तासभर यंत्र बंद ठेवता येतं. उत्पादन तेवढंच होतं, पण त्या तासाचं तीन युनिटांचं बिल अर्ध्या युनिटावर येतं. मला या संशोधनात सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. इथे बचत कोणत्याही यंत्राच्या आत सापडत नाही, ती दोन जॉबच्या मधल्या रिकाम्या जागेत असते.

आता अडचण. दहा जॉब एका यंत्रावर लावायचे ३६,२८,८०० क्रम होतात. वीस जॉब असले तर सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणाऱ्या संगणकालाही सगळे पाहायला ७७ वर्षं लागतील. यंत्रं अनेक असली आणि प्रत्येक जॉबचा त्यांच्यामधला मार्ग वेगळा असला की गुंता आणखी वाढतो. या क्षेत्रात एक प्रसिद्ध कोडं आहे. दहा जॉब आणि दहा यंत्रं, कमीत कमी किती वेळात काम आटपेल? १९६३ साली ते छापून आलं. वेळेची ९३० एककं हेच त्याचं सर्वोत्तम उत्तर आहे, हे फ्रान्सच्या कार्लिए आणि पिन्सॉन यांनी सिद्ध केलं १९८९ मध्ये. एवढ्याशा कोड्याला सव्वीस वर्षं लागली, आणि त्यात विजेचा विचारही नव्हता.

अशा प्रश्नांच्या गणिताचा उगमही कारखान्यातच आहे. १९३८ च्या सुमारास लेनिनग्राडच्या एका प्लायवूड उद्योगानं लिओनिद कान्टोरोविच या तरुण गणितज्ञाला विचारलं, की वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळं लाकूड कसं वाटलं तर जास्तीत जास्त माल निघेल? त्यातून रेषीय नियोजनाचं गणित उभं राहिलं. अमेरिकेत जॉर्ज डान्टझिग यांनी १९४७ मध्ये त्यासाठी सिम्प्लेक्स पद्धत दिली. ती पद्धत शक्यतांच्या बहुमितीय स्फटिकाच्या कडेकडेनं, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर चालत जाते. काही प्रश्नांत हे कोपरे इतके असतात की चालणं संपता संपत नाही. १९८४ साली बेल लॅब्जमधल्या नरेंद्र करमरकर यांनी कडा सोडून स्फटिकाच्या पोटातून जाणारी वाट दाखवली. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले करमरकर आयआयटी मुंबईतून शिकून बर्कलीला गेले होते आणि पीएचडी होऊन त्यांना जेमतेम एक वर्ष झालं होतं. त्यांच्या या रीतीनं मोठे प्रश्न खात्रीनं मर्यादित वेळात सुटतात हे सिद्ध झालं, आणि विमान कंपन्यांपासून दूरध्वनीच्या जाळ्यांपर्यंत सगळ्यांचं तिकडे लक्ष गेलं. आज मोठे रेषीय प्रश्न सोडवणाऱ्या जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्या कुळातली एक पद्धत असते. यंत्र चालू की बंद, हा जॉब आधी की तो, असे हो-नाहीचे निर्णय रेषीय नियोजनात थेट बसत नाहीत. तरीही ते सोडवताना आत असंख्य रेषीय प्रश्न सुटत असतात. शाळेत आपण रामानुजनांची गोष्ट सांगतो, तशी करमरकरांचीही सांगायला हवी.

विजेचा विचार आला की आणखी एक पेच पडतो. माल लवकर द्यायचा आणि वीजही कमी जाळायची, ही दोन उद्दिष्टं नेहमी एका दिशेला ओढत नाहीत. अशा वेळी एकच उत्तर शोधण्यात अर्थ नसतो. उत्तरांची एक ओळ मिळते, आणि तिच्यातल्या कोणत्याही उत्तरात एका बाजूनं सुधारणा केली तर दुसऱ्या बाजूनं किंमत मोजावी लागते. इटलीचे अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो यांच्या नावानं ती ओळ ओळखली जाते. ती झटपट शोधून देणारी, जनुकांच्या निवडीसारखी पिढ्यान्‌पिढ्या उत्तरं सुधारत नेणारी एक पद्धत आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तयार केली. तिच्यावरचा २००२ सालचा शोधनिबंध संगणकशास्त्रात जगभर सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या निबंधांपैकी आहे. उत्पादन व्यवस्थापकासमोर ही ओळ ठेवली की त्याला दिसतं, डिलिव्हरी अर्ध्या दिवसानं पुढे ढकलली तर किती युनिटं वाचतात. निर्णय त्यानंच घ्यायचा.

पण वाचवायचं नेमकं काय? युनिटं, रुपये की कर्ब? फाउंड्रीवाल्यांना हा प्रश्न नवा नाही. महाराष्ट्रात औद्योगिक विजेला रात्री दहा ते सकाळी सहा सवलत मिळायची, म्हणून कोल्हापूर पट्ट्यात कितीतरी इंडक्शन भट्ट्या रात्री लागायच्या. रुपये वाचायचे. युनिटं तेवढीच जळायची, आणि रात्री सौर वीज नसल्यानं त्यात कोळशाचा वाटा मोठा असायचा. कामगारांची झोप जायची ती वेगळीच. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून १० किलोवॉटच्या वरच्या औद्योगिक ग्राहकांना उन्हाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी आणि मागणीच्या ऐन तासांत किमान १.२ पट ठेवावा, असं ठरलं. महाराष्ट्रात २०२५ मध्ये सवलत रात्रीवरून दिवसाकडे सरकली. कर्नाटकात तर पावगडचा २,०५० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. दुपारी सूर्य भरपूर देतो, संध्याकाळी शरावतीचं जलविद्युत आणि रायचूर-बळ्ळारीची औष्णिक केंद्रं भार उचलतात. देशात एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, पण ही सरासरी फसवी आहे. दुपारी एकचं युनिट आणि रात्री आठचं युनिट सारखं नसतं. ज्या प्रबंधात दिवसभर एकच सरासरी आकडा धरलेला असतो, त्यातलं ‘हरित’ वेळापत्रक मी हरित मानणार नाही.

दर आणि कर्ब आता पहिल्यांदाच बऱ्याच अंशी एका दिशेला आले आहेत, हे या विषयाचं मोठं भाग्य. भट्ट्या दुपारी लावल्या तर बिलही उतरतं, धूरही. मात्र सगळ्या भट्ट्या एकदम लावून चालत नाही. वीज मंडळ पंधरा किंवा तीस मिनिटांच्या टप्प्यातली कमाल मागणी मोजतं आणि ती कराराच्या वर गेली की दंड लावतं. भट्ट्यांच्या वेळांमध्ये अंतर ठेवणं हेही वेळापत्रकाचंच काम. टायरच्या कारखान्यात आणखी वेगळी कसरत असते. रबर मळणारे मिक्सर वीज खातात, तर टायर शिजवणारे साचे वाफेवर तापतात. तापलेला साचा रिकामा ठेवणं महागात पडतं, म्हणून मिक्सर दुपारी पळवून कच्च्या मालाचा साठा करावा, तर मळलेलं रबर फार काळ ठेवता येत नाही. रसायनशास्त्रच वेळापत्रकाला मर्यादा घालतं.

या क्षेत्रातल्या बऱ्याच प्रबंधांबद्दल माझी तक्रार आहे. ते छापील कोडी घेतात, त्यात विजेचे अंदाजी आकडे भरतात, नवी गणनपद्धती चालवतात आणि जुनीपेक्षा दोन टक्के बरं उत्तर आलं म्हणून थांबतात. खरी अडचण गणनपद्धतीच्या आधीच असते. बहुतेक लहान वर्कशॉपमध्ये सगळ्या कारखान्याला एकच मीटर असतो आणि कोणतं यंत्र रिकामं उभं राहून किती खातं हे कुणालाच ठाऊक नसतं. २०१२ साली सुरू झालेली सरकारची ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’ योजना पहिल्या फेरीत ४७८ बड्या उद्योगांना लागू झाली आणि तिनं चांगलं काम केलं. पण तीही उत्पादनाच्या एककामागे एकूण ऊर्जा मोजते, आणि लहान कारखाना तिच्या कक्षेत येतच नाही. हेब्बाळमधल्या दहा वर्कशॉपमध्ये यंत्रागणिक मीटर लावून नोंदी करणारा विद्यार्थी नव्या सूत्राइतकंच मोलाचं काम करतो. परीक्षकांनी त्याला तसे गुण द्यायला हवेत.

या नोंदी पूर्ण वर्षाच्या हव्यात. मार्चमध्ये आकाश निरभ्र असतं, धरणं उतरणीला लागलेली असतात, आणि दुपारचं युनिट सर्वांत स्वच्छ ठरतं. जुलैत ढगांमुळे सौर उत्पादन घटतं, जलाशय भरत असतात आणि चित्रदुर्ग, गदगच्या पवनचक्क्या रात्रीही जोरात फिरतात. त्या दिवसांत रात्रीचं युनिट मार्चमधल्या रात्रीपेक्षा पुष्कळ स्वच्छ असू शकतं. म्हणजे भट्टी दुपारी लावायची की रात्री, याचं उत्तर एकाच कारखान्यात, एकाच यंत्रासाठी, चार महिन्यांत बदलू शकतं, आणि त्या बदलाला सामावून घेणारं वेळापत्रक पाळीवर येणाऱ्या माणसांना निदान आठवडाभर आधी सांगता आलं पाहिजे. ही अट गणितात घालणं अवघड नाही. ती फार थोड्या प्रबंधांत घातलेली दिसते.