एसटीत बोलतो, वॉर्डात नाही

पहाटे साडेपाच
चहाआधी बायबल. मग आदल्या दिवशी भेटलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना. चर्चच्या आवारातच घर आहे. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी नगरच. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ मध्ये इथं आली, ‘ज्ञानोदय’ नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच निघालं. त्यामुळे पाळक दिसला म्हणून या गावात कुणी वळून बघत नाही.

सात
फोन. कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा, कुणाच्या लग्नाची तारीख, कब्रस्तानच्या भिंतीचा खर्च.

साडेआठ
पाथर्डीची एसटी. खिडकीशी बसलेल्या शेतकऱ्याने आधी गाव विचारलं, मग काम. एसटीत माणूस काहीही विचारू शकतो, आणि विचारतोच. ‘तुमच्यात नारळ फोडत नाहीत का?’ ‘लग्नात अक्षता टाकतात का?’ करंजी घाट येईपर्यंत ‘येशूला क्रुसावर का मारलं?’ इथवर आलो. विचारलं म्हणून मी सांगितलं. मला जे पटलं आहे ते, हातचं न राखता. मग तेच म्हणाले, ‘धाकटीचा पोलीस भरतीचा पेपर आहे, तिच्यासाठी मागा की काहीतरी.’ मुलीचं नाव विचारलं. डोळे उघडे ठेवून, इंजिनाच्या आवाजात, दोन वाक्यं. ‘आमेन’ म्हणायचं त्यांना ठाऊक नव्हतं; ते ‘रामकृष्णहरी’ म्हणाले.

कवी नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो असाच प्रवासात. राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या आणि उतरण्याआधी त्याने पुस्तक हाती दिलं. पुढे डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरून ठेवलं, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. आमची मंडळी ही गोष्ट सांगताना पुस्तकाचं महत्त्व सांगतात. मला त्यातला डबा महत्त्वाचा वाटतो. नको वाटलं असतं तर टिळक तोंड फिरवून बसू शकत होते, स्टेशन आल्यावर पुस्तक बाकावर सोडून जाऊ शकत होते.

अकरा
गावात दोन घरी भेटी. भाकरी, पिठलं. परतीची गाडी.

चार
सरकारी दवाखाना, भेटीची वेळ. सोबत सेमिनरीतला एक उत्साही विद्यार्थी. पत्रकांचा गठ्ठा त्याला बाहेर गाडीच्या डिकीत ठेवायला लावला. त्याचं म्हणणं, घटनेच्या २५व्या अनुच्छेदात धर्मप्रसाराचा हक्क आहे. आहेच. पण आपला धर्म सांगणं म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटलं आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, सलाईन लावलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याला उपदेश करू नये. म्हणून वॉर्डात मी ऐकतो. प्रार्थना करायची ती विचारून, हळू आवाजात, आणि डोक्यावर हात ठेवायचा तर तेही विचारून.

हाडांच्या वॉर्डात एक ऊसतोड बाई नवऱ्याच्या उशाशी बसलेली. त्याचा पाय मोडलेला, कारखान्याचा हंगाम तोंडावर, आणि मुकादमाकडून उचल घेऊन झालेली. कोयता दोघांचा मिळून धरतात. एकटीने तोडून उचल फिटत नाही. हे सगळं ती माझ्याकडे न बघता, बॅगेचा बंद ओढत सांगत होती. आम्ही बराच वेळ नुसतेच बसलो. प्रार्थना करू का विचारल्यावर म्हणाली, ‘करा फादर. मोहट्याच्या देवीला बोलले हाये, तुमच्या देवालाबी सांगा.’ (मला बायको आहे, दोन मुलं आहेत, तरी दवाखान्यात मी फादरच.) मी पायासाठी मागितलं आणि उचलीसाठीही मागितलं, ‘मुकादमाच्या मनात दया घाल’ अशा साध्या शब्दांत. पोटाची चिंता वगळून केलेली प्रार्थना अशा बाईला आपली वाटत नाही.

डोळे पुसून तिने कनवटीला हात घातला. ‘किती द्यायचं?’

काही नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. तिची कुठलीही विनंती आजवर फुकट ऐकली गेली नसावी.

जिन्यात विद्यार्थ्याने विचारलंच, ‘देवीचं ऐकून गप्प का बसलात?’ तिला दोन्ही घरांचा दरवाजा वाजवायचा होता आणि तो तिचा अधिकार होता, एवढंच मी सांगितलं. त्याला पटलेलं नाही. वाद परतीच्या वाटेवर चालू राहिला.

साडेसात
एका घरी कुटुंब-उपासना. पेटी, टाळ, टिळकांची भजनं. शेजारची मुलंही येऊन बसतात, खोबरं-साखर घेऊन जातात.

दहा
महिन्याचा अहवाल. वरून छापील तक्ता येतो, त्यात एक रकाना असतो: ‘किती जणांना सुवार्ता सांगितली?’ शेतकऱ्याला धरावं तर बोलणं त्यानेच काढलं होतं. बाईला धरावं तर तिला मी काही सांगितलंच नाही. मी तो रकाना कोराच ठेवतो. तो तक्त्यातून काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे.