हवेतला कर्ब आणि ताटातले अन्न

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हे प्रमाण ३१५ च्या आसपास होते आणि आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. वनस्पती प्रकाशसंश्लेषणात, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने शर्करा तयार करताना, हाच वायू वापरतात. त्यामुळे तो वाढला तर पिकांचे भलेच होईल, हा समज काही अंशी खरा असला तरी अपुरा आहे.

भात, गहू, कापूस, सोयाबीन ही ‘सी-३’ गटातील पिके होत. त्यांच्या पानांतील रुबिस्को हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, कार्बन डायऑक्साइडऐवजी पुष्कळदा ऑक्सिजनशीच संयोग पावते व त्यात ऊर्जा वाया जाते. हवेत कर्ब वाढला की ही हानी घटते. ज्वारी, बाजरी, मका व ऊस या ‘सी-४’ पिकांच्या पानांत रुबिस्कोभोवती हा वायू साठवण्याची सोय मुळातच असल्याने त्यांना थेट लाभ थोडाच होतो. दोन्ही गटांत पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रे, अंशतः मिटून पाणी वाचते; पण याच वाढत्या कर्बामुळे हवा तापली की तीच कोरडी होऊन पानांतील ओलावा अधिक ओढून घेते. दोन गटांतील या फरकामुळे निसर्गातील समतोलही ढळतो. आफ्रिकेतील सी-४ गवतांच्या कुरणांत सी-३ झाडाझुडपांचा विस्तार होण्यामागे वाढता कर्ब हे एक कारण मानले जाते.

उष्णतेचा फटका फुलोऱ्यात व दाणा भरताना सर्वाधिक बसतो. भात फुलोऱ्यात असताना तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर परागीभवन बिघडून लोंब्यांतील दाणे पोकळ राहतात. मार्च २०२२ मधील तीव्र उष्म्याने उत्तर भारतात गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि मे महिन्यात केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबवली.

पीक भरघोस आले तरी त्याचा कस टिकतोच असे नाही. उघड्या शेतात हा वायू सोडून केलेल्या प्रयोगांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, दहा लाखांत सुमारे ५५० भाग कर्बवायू असलेल्या हवेत वाढलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्क्यांनी व लोह सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळले, शिवाय प्रथिनेही घटली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळलेल्या देशाला ही घट परवडणारी नाही. म्हणूनच कर्बाचे उत्सर्जन रोखण्याबरोबरच, नवे वाण निवडताना एकरी उताऱ्याइतकेच दाण्यातील लोह, जस्त व प्रथिने यांनाही महत्त्व दिले गेले पाहिजे.