सोलरची पहिली बादली गार का येते?



निफाडची थंडी आपल्याला कुणी सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले तापमान हिवाळ्यात बातम्यांत येते, काही पहाटे पारा ५ अंशांखालीही जातो आणि द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. घरात मात्र जी सगळ्यांत आधी उठते, तिच्या वाट्याला गच्चीवर सोलर असूनही गार पाणीच येते. तिने नळ सोडून उभे राहायचे, आणि गरम पाणी आले की दुसऱ्या कुणी अंघोळीला जायचे. आज त्या गार पाण्याबद्दल बोलू.

सोलर बिघडलेला नसतो. काचेच्या नळ्यांत तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत चढते, थंड पाणी खाली उतरते. ही फेरी पंपाशिवाय चालते, म्हणून तर टाकी नळ्यांच्या वर बसवतात. पण टाकीपासून न्हाणीपर्यंतच्या पाइपात ही फेरी नसते. तिथले पाणी रात्रभर उभे राहून गार होते. पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटरहून थोडे जास्त पाणी मावते. पाइप २० मीटर असेल तर ५-६ लिटर गार पाणी आधी येणारच, शिवाय थंड पाइपही थोडी ऊब खातो. पाच जणांनी तासातासाने अंघोळ केली, तर दर वेळी तेवढे पाणी मोरीत जाते.

मोठ्या हॉटेलात नळ उघडताच गरम पाणी येते, कारण तिथे शेवटच्या नळापासून टाकीकडे परत जाणारा पाइप असतो. प्लंबर त्याला रिटर्न लाइन म्हणतात. छोटा पंप पाणी फिरवत ठेवतो. आता काही नव्या बंगल्यांतही ही सोय करतात, पण घरातल्या बाईला कुणी दाखवून देत नाही. आपल्याकडे आहे का, ते असे ओळखा. टाकीला थंड पाणी येणारा एक आणि गरम जाणारा एक पाइप असतो. न्हाणीकडून येऊन टाकीला मिळणारा तिसरा पाइप आणि त्यावर छोटा पंप दिसला, तर तीच फेरी. वर उघड्या तोंडाने उभा असलेला पाइप मात्र हवेचा. तो रिटर्न समजून कधीही बंद करू नका.

फेरी असेल तर पंप दिवसरात्र चालवू नका. फिरणारे पाणी पाइपातून ऊब गमावते आणि टाकीच गार होते. अंघोळीच्या आधी थोडा वेळ चालवा, परतीचा पाइप कोमट लागला की बंद करा. टायमर असेल तर उत्तमच. वीज नसेल तेव्हा मात्र पहिले पाणी गारच येणार. परतीच्या पाइपावर पाणी उलट न जाऊ देणारा वॉल्व्हही हवा, नाहीतर गरम नळाला कोमट पाणी येत राहते. आणि लेकरांना जपा: अशा घरात कडक पाणी लगेच येते, म्हणून बादलीत आधी थंड पाणी घ्या.

फेरी नसेल तर मुद्दाम बसवायची घाई नको, असे आम्हाला वाटते. एका न्हाणीच्या घराला तो खर्च परवडण्यासारखा नाही. गच्चीवरच्या गरम पाइपाला काळा फोम गुंडाळा, वरून पट्टी मारा, म्हणजे उन्हाने तो लवकर झडणार नाही. उभे पाणी त्यानेही पहाटेपर्यंत गार होईल, पण दोन अंघोळींच्या मधे ऊब टिकते. अंघोळी पाठोपाठ उरका. पहिले पाणी बादलीत धरून भांड्यांना, गोठ्याला वापरा. घर नवे बांधत असाल तर न्हाणी टाकीच्या बरोबर खाली घ्या. नकाशा काढतानाच हे गवंड्याला सांगा, भिंती उभ्या राहिल्यावर कुणी ऐकत नाही.

आणि नळाखाली ती पहिली बादली कोण धरणार, याची पाळी घरात सगळ्यांनी वाटून घ्या. पुरुषांनीसुद्धा.