फोडणीआधीचा घास

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, ज्या घरी खंडोबाचा कुलाचार आहे त्या घरी तळी उचलून झाली, भंडारा उधळला गेला आणि वांग्याच्या भरताचा व रोडग्याचा नैवेद्य देवापुढे ठेवला गेला, की त्यातला एक घास देवाच्या कुत्र्यासाठी बाजूला काढण्याचा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी अद्याप चालू आहे. एरवी ज्याला उंबरठ्याच्या आत मज्जाव, त्या प्राण्याला वर्षातून एक दिवस तरी पंक्तीचा मान द्यावा, यात आपल्या लोकधर्माचे औदार्य दिसते. माझी तक्रार आहे ती फक्त भरताविषयी. कारण चातुर्मासापासून वर्ज्य ठेवलेली वांगी, कांदा व लसूण ही कित्येक कुटुंबांत याच दिवशी पानावर परत येतात, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. हा अपाय त्याच दिवशी दृष्टीस पडत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते, जनावर मलूल होऊन कोपरा धरते, आणि तोवर नैवेद्याची आठवणही कुणाला राहिलेली नसते. शिजवल्याने दोष जातो ही समजूत निराधार आहे. कच्चा, परतलेला वा वाळवून कुटलेला, कांदा सारखाच घातक.

रोडग्याचे मात्र तसे नाही. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्याच्या अंगी पिष्टमय अन्न पचविण्याचे सामर्थ्य पुष्कळ अधिक असते, हे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवून दिले. माणसाच्या चुलीशेजारी हजारो वर्षे काढल्याचा हा परिणाम असावा. 1860 च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लंडनमध्ये गव्हाचे पीठ, भाज्या व मांस यांची कडक बिस्किटे खास कुत्र्यांसाठी विकावयास काढली, तीही एका अर्थी रोडग्याचीच भावंडे. तेव्हा सणाच्या दिवशी कुत्र्यासाठी वेगळा घाट घालण्याचे कारण नाही. मीठ, गूळ, तेल आणि फोडणी पडण्यापूर्वीच त्याचा वाटा काढून ठेवण्याची तजवीज केली, की निम्मे काम झाले.

ज्यांना हौस आहे त्यांनी दोन वाट्या नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ, एक वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा अथवा रताळे आणि एक अंडे एकत्र मळावे. पाणी शेवटी, लागलेच तर, चमच्याचमच्याने घालावे, कारण भोपळा स्वतःच पुष्कळ पाणी सोडतो. या पिठाला गव्हाचा चिकटपणा नसल्याने लाटू गेल्यास ते कडांना फाटते. म्हणून ते हाताने थापावे, सुपारीएवढे तुकडे पाडावेत, आणि जाड तव्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दोन्ही अंगांनी भाजावेत, किंवा भट्टीत 160 अंशांवर अर्धा तास ठेवून आतच निवू द्यावेत. तुकडा कटकन मोडला तर तो वाळला असे समजावे. वाकला, तर आत ओल आहे, आणि असा तुकडा शीतकपाटात ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा. यात मीठ, साखर वा तूप घालण्याचा मोह गृहिणींना हटकून होतो, पण कुत्र्याला गोडाहून वासाची गोडी अधिक. त्यासाठी बिनमिठाच्या उकडलेल्या कोंबडीचे, हाडे काढलेले, दोन धागे पिठात मिसळले तरी पुरेसे होते. असा खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा. आणि लहान चणीच्या कुत्र्याच्या बाबतीत हा हिस्सा आपल्या कल्पनेहून फारच थोडा असतो.

दिवाळीचा फराळ हा याहून मोठा धोका. चकली-करंजीच्या तेलातुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, आणि ‘शुगरफ्री’ मिठाईत झायलिटॉल असेल तर अर्ध्या तासातही त्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. परंतु सर्वांत फसवी वस्तू म्हणजे रव्याच्या लाडवावर दिमाखाने बसलेला मनुका. द्राक्षे व मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे अलीकडे पशुवैद्य मानू लागले आहेत. कोणत्या कुत्र्याला किती मनुका बाधतील याचे गणित मांडता येत नसल्याने सुरक्षित संख्या शून्य, हाच व्यवहार. नाताळच्या मनुकायुक्त केकलाही तोच कायदा लागू.

इतकी खबरदारी घेऊनही पाहुण्यांच्या पोराने लाडू खाली टाकला आणि तो क्षणात नाहीसा झाला, तर लक्षणांची वाट पाहत बसू नये. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा जुना उपाय स्वतःच विषासमान ठरू शकतो, म्हणून तो मुळीच करू नये. कुत्र्याचे वजन, काय खाल्ले, अदमासे किती आणि केव्हा, एवढा तपशील घेऊन तडक पशुवैद्याला दूरध्वनी करावा. वेष्टन हाती लागल्यास तेही बरोबर न्यावे.