निळीचा हिशेब आणि कवितेचे मोल

प्रयोगशाळेतील काचपात्रात जे द्रव्य दोन ग्रॅम तयार होते तेच कारखान्यात दिवसाला दोन टन तयार व्हावे, अशी इच्छा बाळगणाऱ्या भांडवलदाराला आरंभी वाटते की पात्र मोठे केले म्हणजे काम झाले. परंतु सेंद्रिय रसायनाच्या उद्योगाचा सारा इतिहास म्हणजे या भाबड्या समजुतीच्या पराभवाचा इतिहास होय. पात्राची लांबी, रुंदी आणि उंची दसपट केली, तर त्यात मावणारे द्रव्य हजारपट होते, पण ज्या पृष्ठभागातून उष्णता बाहेर पडावयाची तो केवळ शंभरपट होतो. म्हणून बर्फाच्या पाण्यात बुडविलेल्या चंबूत जी नायट्रीकरणाची क्रिया निमूटपणे पार पडते, तीच हजारो लिटरांच्या पात्रात स्वतःच्याच उष्णतेने बेफाम होऊन स्फोटापर्यंत जाऊ शकते. चंबूत ढवळणे हे क्षणाचे काम. मोठ्या पात्रात त्याला मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात एका बाजूस एक द्रव्य अधिक व दुसऱ्या बाजूस कमी राहून नको ती उपद्रव्ये जन्मास येतात. उताऱ्याचा हिशेबही निष्ठुर असतो: दहा पायऱ्यांच्या संश्लेषणात प्रत्येक पायरीला शेकडा ९० उतारा मिळाला तरी अखेरीस पदरात शेकडा ३५च पडतात, आणि प्रत्येक पायरीला ८० मिळाला तर केवळ ११.

या अडचणींवर मात करण्यासाठी चंबू आणि कारखाना यांच्यामध्ये पायलट प्लांटची योजना असते. तेथे तापमान, दाब, ढवळण्याचा वेग, द्रव्य मिसळण्याचा क्रम या साऱ्यांची नोंद होऊन अखेरीस एक कृती लिहिली जाते, आणि त्या कृतीची खरी कसोटी अशी की, शोधकर्ता दूर कोठे निद्रिस्त असताना, रात्रपाळीचा कामगार, ज्याला त्या क्रियेमागील सिद्धान्ताची वार्ताही नाही, तो तेच द्रव्य त्याच प्रतीचे काढू शकला पाहिजे. निर्मिती निर्मात्यापासून सुटी करणे हे प्रमाणवृद्धीचे, म्हणजे चंबूतील क्रिया कारखान्याच्या प्रमाणावर नेण्याचे, मर्म आहे. पात्राचा आकार ही त्यातील दुय्यम बाब. भांडवल जी किंमत मोजते ती या सुटेपणाची मोजते, आणि भांडवलशाहीशी कवितेचे नाते नेमके कोठे अडते याचा विचारही येथूनच सुरू करणे इष्ट.

या सुटेपणाला काय मोल पडते हे पाहावयाचे तर निळीच्या इतिहासाकडे वळले पाहिजे. अडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६५ साली निळीचा अभ्यास आरंभिला, १८८० साली ती कृत्रिम रीतीने सिद्ध केली आणि १८८३ साली तिच्या रेणूची रचना निश्चित केली. विज्ञानाच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता, परंतु बायरच्या मार्गाने काढलेली नीळ बाजारातील वनस्पतिजन्य निळीपुढे महाग पडत होती. लुडविग्सहाफेनच्या बी.ए.एस.एफ. कारखान्याला ती विक्रीस आणावयास १८९७ साल उजाडले, आणि तोवर सुमारे १ कोटी ८० लाख मार्क खर्ची पडले होते. झुरिकच्या कार्ल हॉयमान याने १८९० साली सुचविलेल्या मार्गाचा आरंभ डांबरातून विपुल मिळणाऱ्या नॅफ्थलीनपासून होत असे. त्यापासून थॅलिक अनहायड्राइड करण्याची पायरी मात्र अडून बसली होती. प्रयोग चालू असता एक तापमापक फुटला, त्यातील पारा पात्रात सांडला आणि मंदगतीने चालणारी क्रिया एकाएकी वेगाने पुढे सरकली, अशी हकीकत सांगतात. पारा तेथे उत्प्रेरक ठरला होता. याच क्रियेत बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड वाया न घालविता त्याचे पुन्हा तीव्र गंधकाम्ल करण्याची तजवीज झाली, तेव्हा कोठे ताळेबंद नफ्याकडे झुकला.

त्या ताळेबंदाची दुसरी बाजू आपल्या देशात लिहिली गेली. बिहारच्या चंपारण मुलखात विघ्यातील २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठे जमिनीत नीळ लावण्याची सक्ती कुळांवर होती, आणि तिला तीनकठिया म्हणत. जर्मन निळीने भाव पाडला तेव्हा गोऱ्या मळेवाल्यांना ही लागवड नकोशी झाली. पण कुळांची तिच्यातून मुक्तता करण्याचा मोबदला म्हणून त्यांनी कोठे सारा वाढवून घेतला, ज्याला शरहबेशी म्हणत, तर कोठे तावान या नावाने रोख रक्कम उकळली. ऱ्हाइनकाठी एका पात्रातील उतारा वाढला आणि गंडकीकाठच्या कुळाचा सारा वाढला. १९१७ साली गांधीजी चंपारणला गेले ते याच गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी.

१९२५ साली बी.ए.एस.एफ., बायर नावाची कंपनी, होएश्ट आदी जर्मन रंग-कारखाने एकत्र येऊन आय.जी. फार्बेन हा प्रचंड उद्योगसमूह स्थापन झाला, आणि निळीवर कमावलेली प्रमाणवृद्धीची विद्या दुसऱ्या महायुद्धात आउश्वित्झशेजारी मोनोवित्झ येथे कृत्रिम रबराचा कारखाना उभारण्याच्या कामी लागली. त्या कामासाठी छळछावणीतील बंदी वापरले जात. अकुशल बंद्याच्या दिवसभराच्या श्रमाचे ३ मार्क आणि कुशलाचे ४ मार्क असा दर कंपनी एस.एस. या नाझी संघटनेच्या तिजोरीत भरीत असे, आणि बंद्याच्या वाट्याला काहीच येत नसे. कृती करणारा माणूस कोणीही असला तरी चालतो, हे प्रमाणवृद्धीचे तत्त्व येथे इतक्या भीषण टोकास पोचले होते की, माणूस झिजून मेला म्हणजे त्याच्या जागी दुसरा आणावा, एवढाच त्याचा अर्थ उरला होता. विशेष हे की, एवढे होऊनही त्या कारखान्यातून रबर कधीच बाहेर पडले नाही.

या बंद्यांत तुरिनचा एक तरुण रसायनशास्त्रज्ञ होता, प्रीमो लेवी. १९४१ साली पदवी घेतलेला हा यहुदी तरुण १९४४ च्या फेब्रुवारीत आउश्वित्झला पोचला, आणि तेथील एका जर्मन अधिकाऱ्यापुढे रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा देऊन पुढे त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामास लागला. छावणीत पाव हेच चलन होते. सदरा, चमचा, बूट या प्रत्येकाचा भाव पावाच्या तुकड्यांत ठरत असे. आपल्या पहिल्या पुस्तकात लेवी सांगतो की, एके दिवशी सूपचे भांडे आणावयास जाताना आपल्या फ्रेंच सोबत्याला इटालियन शिकविण्याच्या निमित्ताने तो दान्तेच्या महाकाव्यातील युलिसीसचा सर्ग आठवू लागला. मध्येच काही ओळी स्मृतीतून निसटल्या, आणि त्या सांधता आल्या तर आजच्या वाट्याचे सूप देऊन टाकीन, असे त्याला वाटले. कवितेला बाजारभाव नाही असे जे नेहमी बोलले जाते, त्याला हा एक गंभीर अपवाद मानला पाहिजे, कारण भुकेल्या माणसाने तिचा भाव आपल्या वाट्याच्या अन्नात सांगितला. तथापि हा व्यवहार पुरा होण्यासारखा नव्हता: त्या हरवलेल्या ओळींऐवजी दुसऱ्या कोणत्याही तितक्याच सुंदर ओळी चालल्या नसत्या, आणि जेथे बदली माल चालत नाही तेथे भांडवलाचे गणित थबकते.

लेवी जिवंत परतला. १९४६ च्या जानेवारीत लिहिलेली एक कविता त्याने आपल्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी घातली. ते पुस्तक १९४७ साली एका लहान प्रकाशनसंस्थेने २,५०० प्रतींत काढले, आणि त्या प्रतीही सगळ्या खपल्या नाहीत. पोटासाठी तो रंग व वार्निशच्या उद्योगात शिरला आणि पुढे तुरिननजीक सेत्तिमो येथे तांब्याच्या तारांवरील विद्युतरोधक लेप बनविणाऱ्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला. १९७५ च्या ‘आवर्तसारणी’ या पुस्तकात त्याने या धंद्यातील दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एका जुन्या वार्निश-कृतीत उकळत्या जवस तेलात कांद्याच्या दोन चकत्या टाकाव्यात असा आदेश होता. तापमापक नव्हते त्या काळी कांदा तळला की तेल तापले असे समजत, आणि तापमापक आल्यावरही कांदा कागदावर राहून गेला. दुसरी गोष्ट त्याची स्वतःची: युद्धानंतर गोठून गेलेल्या रंगाचे साठे दुरुस्त करण्यासाठी त्याने अमोनियम क्लोराइड घालण्याची युक्ती काढली, आणि कारण नाहीसे होऊन वर्षे लोटली तरी कारखान्याच्या दप्तरातील त्या हुकुमाची अंमलबजावणी बिनबोभाट चालूच राहिली.

निर्मितीपासून निर्माता सुटा केला म्हणजे ‘का’ हा प्रश्नही सुटा होतो, हे या दोन गोष्टींचे तात्पर्य आहे. कारखान्याची कृती कारण विसरूनही चालते. कवितेतील शब्दाचे कारण मात्र वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने पटावे लागते, आणि जो केवळ पूर्वापार रीत म्हणून उरला तो त्या कवितेतील मृत शब्द होय. छापखान्याने कवितेच्या प्रती वाढविल्या, पण कविता करण्याचे काम आजही एकट्या माणसाच्या मनाच्या काचपात्रातच चालते. तेथे पाळ्या लावता येत नाहीत की उतारा वाढविता येत नाही. म्हणून भांडवलाने कवितेला चिरडले असे म्हणण्यापेक्षा, तिच्यात गुंतवावे असे त्याला काही सापडले नाही, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

याचा जमाखर्च अखेर कवीच्या नावे मांडला जातो. टी. एस. एलियट लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरी करीत होता, वॉलेस स्टीव्हन्स अमेरिकेत विमा कंपनीचा उपाध्यक्ष होता, आणि मुंबईच्या गिरणगावात वाढलेले नारायण सुर्वे यांनी महापालिकेच्या शाळेत आधी शिपायाचे आणि मग शिक्षकाचे काम केले. लेवीने आपल्या कवितांचा एकत्रित संग्रह १९८४ साली प्रसिद्ध केला तो कारखान्यातून निवृत्त झाल्यावर. दुसऱ्या धंद्याच्या वेतनावर जगणारी कविता परावलंबी दिसते खरी. परंतु ज्या वस्तूचे उत्पादन कोणी वाढवू शकत नाही, तिचे उत्पादन कोणी बंदही पाडू शकत नाही, आणि कृत्रिम नीळ आल्यावर नैसर्गिक निळीची जी गत झाली ती कवितेची आजवर झालेली नाही, याचे श्रेय याच अव्यापारी अडाणीपणाला दिले पाहिजे.